काचबिंदूची पहिली खूण

रत्नागिरी शहराला खेटून असलेलें मिरजोळें हें माझें गांव. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे. पण मी सांगणार आहें ती गोष्ट चाळीस वर्षांपूर्वींची आहे. माझे एक चुलते तेथें आंब्याच्या कलमांची राखण करीत. साठी ओलांडल्यावर ते वाटेंत ठेंचाळूं लागले. समोरच्या माणसाला ते बरोबर ओळखीत, पंचांग स्वतः वाचीत. पण दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटे आणि बाजूनें आलेली गाय अंगाशीं येईपर्यंत त्यांना दिसत नसे. घरांतील सर्वांचा निष्कर्ष एकच होता : मोतीबिंदु धरतो आहे, पिकूं द्यावा, मग काढावा. मी नुकताच शाळेंत मास्तर झालों होतों. मॅट्रिक झालेला मनुष्य म्हणून घरांत माझ्या शब्दाला थोडें वजन होतें, आणि मींहि तेंच सांगितलें. १९८४ सालच्या दिवाळीनंतर आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां एक डोळा पुरता गेला होता, आणि दुसऱ्यांत नळींतून पाहावें एवढीच जागा उरली होती. डॉक्टर म्हणाले, "हा मोतीबिंदु नव्हे, काचबिंदु आहे. गेलें तें आतां परत येणार नाहीं."

या दोन नांवांत अंतर थोडें, पण परिणामांत फार मोठें आहे. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून कृत्रिम भिंग बसवितां येतें व दृष्टि परत मिळते. काचबिंदूंत भिंग स्वच्छ असूनहि दृष्टि जाते, कारण तेथें बिघडते ती डोळ्यामागची नस. दृष्टिपटलावर उमटलेलें चित्र मेंदूकडे नेणारे सुमारे दहा-बारा लाख तंतु या नसेंत एकत्र आलेले असतात. डोळ्यांतील द्रवाचा दाब त्या नसेला सोसवेनासा झाला म्हणजे हे तंतु हळूहळू मरतात, आणि मेलेला तंतु पुन्हां उगवत नाहीं. नेहमींच्या प्रकारांत डोळा दुखत नाहीं, लालहि होत नाहीं. प्रथम कडेची दृष्टि जाते; मधली बहुधा शेवटपर्यंत टिकते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, आणि दोघांची उणीव मेंदु झांकून नेतो. म्हणून ज्याचा डोळा, त्यालाच शेवटीं कळतें. या रोगाची पहिली खूण दुसऱ्यानेंच रोग्याच्या डोळ्यांत डोकावून पाहावी लागते. आज मला सांगावयाचा आहे तो या डोकावण्याचा इतिहास.

प्रथम नांवाकडे पाहूं. आपल्या जुन्या वैद्यकांत 'काच' हा शब्द दृष्टि मंद होत जाण्याच्या एका पायरीला लाविलेला आहे : आधीं तिमिर, मग काच, आणि शेवटीं लिंगनाश. सुश्रुतानें 'अधिमंथ' नांवाचा वेगळा रोग सांगितला आहे. त्यांत डोळा घुसळल्यासारखा दुखतो, अर्धें डोकें ठणकतें, आणि उपाय न झाल्यास थोड्याच दिवसांत दृष्टि जाते. काचबिंदूचा जो तीव्र, वेदनेचा प्रकार आहे, त्याच्याशीं हें वर्णन बरेंचसें जुळतें. ग्रीक वैद्यांचा 'ग्लॉकोमा' हा शब्दहि बाहुलीच्या निळसर-हिरवट रंगावरून आलेला आहे, आणि मोतीबिंदूशीं त्याची शतकानुशतकें गल्लत होत राहिली. येथें कोणाच्या बुद्धीला दोष देण्याचें कारण नाहीं. डोळ्याचें दार बंद होतें. बाहेरून दिसे तेवढ्यावरच निदान करावयाचें, अशी सर्वांची स्थिति होती.

तें दार उघडलें १८५० सालीं. जर्मनींतील कोनिग्जबर्ग येथें हेल्महोल्ट्झ नांवाचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना डोळ्याविषयीं शिकविण्याची तयारी करीत होता. माणसाची बाहुली नेहमीं काळी कां दिसते, असा प्रश्न होता. उत्तर असें, कीं बाहुलींतून आंत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेंच परत फिरतो. तो पाहावयाचा तर आपला डोळा त्याच वाटेवर ठेविला पाहिजे. परंतु तेथें डोकें नेलें म्हणजे दिव्याचा उजेडच अडतो. हेल्महोल्ट्झनें कांचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरून दिव्याचा उजेड रोग्याच्या डोळ्यांत वळविला, आणि त्याच पट्ट्यांतून आरपार पाहिलें. चष्म्याचीं भिंगें, पुठ्ठा आणि सूक्ष्मदर्शकाच्या कांचा एवढ्याच साहित्यावर हें यंत्र उभें राहिलें. जिवंत माणसाच्या डोळ्याची मागील भिंत तिच्या रक्तवाहिन्यांसह समोर दिसूं लागली. ६ डिसेंबर १८५० रोजीं हा शोध बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळापुढें ठेवण्यांत आला आणि पुढच्या वर्षीं त्याची पुस्तिका निघाली. हाच आजचा ऑफ्थॅल्मोस्कोप.

आतां जो प्रसंग सांगणार आहें, तो मला या सर्व इतिहासांत अधिक महत्त्वाचा वाटतो. डोळ्याच्या मागील भिंतीवर, जेथून नस बाहेर पडते, तेथें एक फिकट गुलाबी चकती दिसते. काचबिंदूच्या रोग्यांत ही चकती निराळी दिसते, हें नव्या यंत्रानें लगेच ध्यानांत आलें. पण ती कशी निराळी? १८५४ च्या सुमारास व्हिएन्नाचे येगर आणि बर्लिनचे फॉन ग्रेफ या दोघांहि नामांकित नेत्रवैद्यांनीं सांगितलें कीं चकती फुगून वर आलेली आहे. हें चूक होतें. एकाच डोळ्यानें सपाट प्रतिमा पाहतांना खळगा आणि उंचवटा यांची अदलाबदल होऊं शकते. सूर्य मावळतांना जमिनीवरच्या खड्ड्यांकडे पाहणारास हा भास पुष्कळदां होतो. १८५५ सालीं अडोल्फ वेबर यांनीं दाखविलें, कीं ती टेकडी नसून खळगा आहे. फॉन ग्रेफ यांनीं आपलें मत मोकळेपणानें बदललें. आणि पुढच्याच वर्षीं हाइन्रिख म्युलर यांनीं शवविच्छेदनानें खळग्याची खात्री पटविली. तंतु मेल्यामुळें चकतीचा मधला भाग खचतो, वाटीसारखा खोल होतो, आणि भोंवतालची कड झिजत जाते. काचबिंदूची खूण ती हीच. श्रोतेहो, यंत्र उत्तम होतें, पाहणारे त्या काळचे अग्रगण्य होते, आणि तरीहि जें समोर होतें त्याच्या नेमकें उलट त्यांना दिसलें. हा धडा आपल्याला पुढें लागणार आहे.

खूण सांपडली, तशी उपायांनाहि दिशा मिळाली. १८५७ सालीं फॉन ग्रेफ यांनीं डोळ्यांतील रंगीत पडद्याचा तुकडा कापून तीव्र काचबिंदु आवरण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १८७७ सालीं त्याच वेबर यांनीं पायलोकार्पिनचे थेंब प्रचारांत आणले. हिंदुस्थानांतील नेत्रवैद्यांनींहि यांत मोठी भर घातली, हें आपल्याकडे फारसें कोणाला ठाऊक नसतें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील नेत्रविद्येचे प्राध्यापक हर्बर्ट यांनीं १९०३ सालीं जुनाट काचबिंदूसाठीं नवी शस्त्रक्रिया मांडली. डोळ्यांतील द्रव हळूहळू पाझरून जाईल अशी बारीक वाट पांढऱ्या आवरणाखालीं ठेवावयाची, ही तिची कल्पना. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे एलियट यांनीं १९०९ सालीं सूक्ष्म भोंक पाडून तीच वाट करण्याची रीत काढली व ती जगभर गेली. आजहि या रोगावर जी प्रमुख शस्त्रक्रिया होते, तिचें तत्त्व पाझरवाट ठेवणें हेंच आहे. मात्र यांपैकीं कोणतीहि शस्त्रक्रिया किंवा औषध गेलेली दृष्टि परत आणीत नाहीं, उरलेली राखते. अर्थात् सारा भर लवकर ओळखण्यावर आला.

लवकर ओळखावें कसें? सोपा मार्ग दाब मोजण्याचा वाटला. १९०५ सालीं नॉर्वेचे श्योट्झ यांनीं बुबुळावर ठेवून दाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र केलें. पुढें पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब निर्धोक, त्यावरचा धोक्याचा, असा आंकडा रूढ झाला. आंकडा हातीं आला कीं मनुष्य निश्चिंत होतो. परीक्षकाला गुणपत्रिका मिळाली म्हणजे तो विद्यार्थ्याकडे पाहीनासा होतो, तसेंच हें झालें. पुढील पाहण्यांनीं या निश्चिंतपणाला धक्का दिला. जपानांत ताजिमी येथील पाहणींत, जी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, जुनाट काचबिंदूच्या रोग्यांपैकीं शेंकडा ९२ जणांचा दाब २१ च्या आंतच आढळला. म्हणजे दाबाचा आंकडा चांगला आहे एवढ्यावरून नस शाबूत आहे असें म्हणतां येत नाहीं. नस पाहावयाची तर नसच पाहिली पाहिजे.

येथें चित्राचा उपयोग सुरू होतो. ऑफ्थॅल्मोस्कोपांतून जें दिसे, तें वैद्य हातानें रेखाटून ठेवीत. १८८६ सालीं इंग्लंडांत जॅकमन आणि वेब्स्टर यांनीं जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचें छायाचित्र घेतलें. त्यासाठीं रोग्याला अडीच मिनिटें डोळा स्थिर ठेवावा लागला. १९२६ सालीं स्वीडनच्या नॉर्डेन्सन यांच्या योजनेवरून झाइस कारखान्यानें या कामाचा कॅमेरा विक्रीस आणला. त्यामुळें एक मोठी गोष्ट साधली. आजच्या चकतीची तुलना पांच वर्षांपूर्वींच्या चकतीशीं करतां येऊं लागली. आठवण फसवते, शब्दांचें वर्णन माणसागणिक बदलतें; छायाचित्र मात्र आपल्या जागीं थांबून राहतें. १९६७ सालीं आर्मली यांनीं वाटीच्या आणि चकतीच्या रुंदीचें प्रमाण मोजण्याची पद्धत घालून दिली. चकतीची खालची व वरची कड पातळ होणें, तिच्या काठाशीं रक्ताची बारीक रेघ दिसणें, तिच्यापासून पसरणाऱ्या तंतूंच्या थरांत पाचराच्या आकाराची काळसर पट्टी पडणें, या आरंभींच्या खुणा एकेक करून ध्यानांत आल्या.

या खुणा रोग्याला त्रास होण्यापूर्वीं किती आधीं दिसतात? १९८२ सालीं अमेरिकेंत क्विग्ली आणि त्यांचे सहकारी यांनीं मरणोत्तर डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दृष्टिक्षेत्राच्या त्या काळच्या परीक्षेंत ज्यांचें क्षेत्र निर्दोष होतें, त्यांपैकीं कांहींच्या नसेंतील शेंकडा चाळीसपर्यंत तंतु मेलेले होते. १९९१ सालीं सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें काढलेलीं छायाचित्रें मागें चाळून पाहिलीं. ज्यांचें दृष्टिक्षेत्र पुढें बिघडलें, अशा डोळ्यांपैकीं शेंकडा साठ डोळ्यांत तंतूंच्या थराचा झीज झालेला भाग सुमारें सहा वर्षें आधींच चित्रांत दिसत होता. सहा वर्षें! माझ्या चुलत्यांचा खांदा प्रथम चौकटीला आपटला, त्याच्याहि आधीं त्यांच्या डोळ्यांत ही खूण उमटली असली पाहिजे. ती वाचावयाला कोणी गेलें नाहीं, एवढेंच.

त्याच १९९१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या हुआंग, स्वॉनसन, फुजिमोटो आणि इतरांनीं नवी रीत प्रसिद्ध केली. ध्वनि भिंतीवर आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. या रीतींत ध्वनीच्या जागीं प्रकाश आहे. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड, कीं हा वेळ घड्याळानें मोजतां येत नाहीं. म्हणून परत आलेल्या किरणाची दुसऱ्या किरणाशीं गांठ घालून, त्यांच्या लाटा जुळतात कीं नाहीं यावरून अंतर काढतात. दृष्टिपटलाचा जणूं उभा छेद, सुरी न लावतां, कागदावर उतरतो. चकतीभोंवतींचा तंतूंचा थर निरोगी डोळ्यांत सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. त्याची जाडी आतां आंकड्यांत मिळते. या तपासाला डॉक्टर 'ओसीटी' म्हणतात, आणि तो आज आपल्या जिल्ह्यांच्या गांवींहि होतो.

लवकर ओळखून लाभ काय, असें कोणी विचारील. २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. दाब अधिक, पण नस अद्याप शाबूत, अशा १६३६ लोकांचे दोन भाग केले. थेंब न दिलेल्यांत पांच वर्षांत शेंकडा ९.५ जणांना काचबिंदूची लक्षणें दिसलीं. थेंब दिलेल्यांत ४.४ जणांना. धोका निम्म्याहून कमी झाला.

आपल्या देशाची स्थिति काय आहे? अरविंद नेत्ररुग्णालयानें तमिळनाडूंत चाळीस वर्षांवरील लोकांची पाहणी केली. ती २००३ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडा २.६ जणांना काचबिंदु होता. जुनाट प्रकारच्या रोग्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जणांना आपल्याला हा रोग आहे याची वार्ताहि नव्हती. महाराष्ट्रांत नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनीं जर्मन प्राध्यापक योस्ट योनास यांच्या सहकार्यानें २००६ ते २००८ या काळांत नागपूरजवळच्या आठ खेड्यांतील ४७११ लोकांचे डोळे तपासले आणि त्यांच्या चकत्यांचीं छायाचित्रें घेतलीं. शेतकरी व मजूर यांच्या डोळ्यांचीं मोजमापें आपल्या राज्यांत अशा विस्तारानें नोंदलीं गेलीं, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या लोकांची निरोगी चकती कशी असते हें कळल्याशिवाय रोगट चकती ओळखावी कशी?

आतां कॅमेरा मोबाइल फोनला जोडण्याइतका लहान झाला आहे, आणि चित्र वाचण्याचें काम संगणकालाहि शिकविलें आहे. मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत अशा फोनवरील कॅमेऱ्यानें मधुमेही रोग्यांच्या दृष्टिपटलाचीं चित्रें घेतलीं, आणि इंटरनेटवांचून चालणाऱ्या संगणकीय पद्धतीनें तीं तिथल्या तिथें वाचलीं. त्याचा वृत्तान्त २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. तो प्रयोग मधुमेहाच्या विकारासाठीं होता. काचबिंदूसाठींहि अशा पद्धति निघाल्या आहेत; परंतु येथें काम अधिक नाजूक आहे. मधुमेहांत रक्ताचा ठिपका दिसतो किंवा दिसत नाहीं. काचबिंदूंत मात्र वाटी थोडी मोठी एवढेंच दिसतें, आणि कित्येकांची वाटी जन्मतःच मोठी असते.

मास्तराच्या संवयीप्रमाणें एक हिशेब मांडतों. चाळीस वर्षांवरील एक हजार माणसें घ्या. वरच्या प्रमाणानें त्यांत २६ रोगी आणि ९७४ निरोगी. समजा, यंत्र निरोग्यांच्या बाबतींत शंभरांत फक्त पांच वेळां चुकलें. तरी सुमारें ४९ निरोगी माणसांना तें संशयित ठरवील. म्हणजे खऱ्या रोग्यांच्या जवळजवळ दुप्पट. यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाहीं. हजारांतून सत्तर-पंचाहत्तर माणसें वेंचून देणें हेंहि मोठें काम आहे, विशेषतः जेथें नेत्रवैद्य दूर आहे तेथें. पण त्यांतून रोगी कोण हें ठरविणें वैद्याचेंच. खळग्याला टेकडी समजणारा डोळा १८५४ सालीं माणसाचा होता. उद्यां तो यंत्राचा असूं शकेल. वेबर मात्र कोणीतरी हवाच.

शेवटीं घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीं मी चष्म्याचा नंबर तपासावयास गेलों असतां डॉक्टरांनीं माझ्या डोळ्यांचीं चित्रें काढलीं. वाटी मोठी होती. ते म्हणाले, "एका चित्रावरून कांहीं सांगतां येत नाहीं. वर्षानें पुन्हां या." दरवर्षीं मी गेलों. चित्रांत आजवर तिळाएवढाहि फरक पडलेला नाहीं. माझी वाटी मुळांतच मोठी आहे.

पण हा रोग रक्ताच्या नात्यांत अधिक आढळतो. आईबापांना किंवा भावंडांना असेल तर धोका कित्येक पटींनीं वाढतो. ज्या चुलत्यांची गोष्ट आरंभीं सांगितली, त्यांचा मुलगा मुंबईस असतो. गणपतीला तो गांवीं आला तेव्हां मीं विषय काढला. तो हंसला. "दादा, मला घड्याळाचा सेकंदकांटा दिसतो. मला काय होणार आहे?" मीं त्याला म्हटलें, "अरे, तुझ्या वडिलांनाहि पंचांग दिसत होतें." तो गप्प झाला. विसर्जनानंतर तो माझ्याबरोबर रत्नागिरीस आला. त्याच्या डाव्या डोळ्याच्या चकतीची खालची कड पातळ झालेली निघाली. तेथील तंतूंचा थरहि विरळ झाला होता. दृष्टिक्षेत्राच्या परीक्षेंत मात्र अद्याप कांहीं उणें नव्हतें. त्याला रोज रात्रीं एक थेंब सुरू झाला. दीड वर्ष झालें. क्षेत्र अजून तेवढेंच भरलेलें आहे.

माझ्या चुलत्यांना मीं दिलेला सल्ला परत घेतां येत नाहीं. पण आपल्या घरांत चाळिशी ओलांडलेलें माणूस असेल, विशेषतः ज्याच्या आईबापांची दृष्टि 'म्हातारपणानें' गेली असें सांगतात तें, तर त्याला विचारूं नका कीं तुला नीट दिसतें काय. तो होच म्हणेल, आणि खरेंच सांगेल. त्याच्या डोळ्याचें चित्र काढवून घ्या. आणि तें चित्र, चष्म्याचा कागद फेंकून देतात तसें फेंकूं नका. पुढच्या चित्राशेजारीं ठेवण्यासाठीं तें जपून ठेवा.